दुसऱ्या मालकाची गाडी : जीप घोटाळ्यापासून देवगोई घाटापर्यंत

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरच्या अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघाले की थोड्याच वेळात देवगोई घाट लागतो. या घाटात आज दोन प्रकारच्या गाड्या एकामागून एक चढताना दिसतात. एक प्रवाशांनी खचाखच भरलेली जीप आणि दुसरी एखादी चकचकीत, उंच, परदेशी नावाची, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेली एसयूव्ही. पहिली गरजेची आणि दुसरी ऐटीची, असे पाहणाऱ्याला वाटते. इतिहासात मात्र या दोघी एकाच घरातल्या आहेत, आणि त्या घराची पायाभरणीच एका सेकंड हँड गाडीने केलेली आहे.

१९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने अवघ्या काही आठवड्यांत नमुना उभा केला. प्रत्यक्ष उत्पादनाचे मोठे काम मात्र विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या होत्या. शांतता आली आणि सैन्याला नकोशा झालेल्या या गाड्या जगभर लिलावात निघाल्या. सेकंड हँड एसयूव्हीचा बाजार खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. ‘एसयूव्ही’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

अशीच एक लष्करी जुनी जीप ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरील शेतावर होती. ही मोडली तर तिच्या जागी दुसरे काय घ्यायचे, या शेतकऱ्याच्या साध्या विवंचनेतून लँड रोव्हरची कल्पना निघाली. पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर उभारला गेला. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बाह्यांग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. एप्रिल १९४८ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. आज जिच्या नावाने कोट्यवधींच्या गाड्या विकल्या जातात, त्या परंपरेच्या मुळाशी वापरून झालेली एक जीप आहे, हे विसरता येत नाही.

त्याच १९४८ साली स्वतंत्र भारताने आपली पहिली मोठी सेकंड हँड गाड्यांची खरेदी केली, आणि ती चांगलीच अंगाशी आली.

काश्मीरमध्ये युद्ध सुरू होते. डोंगराळ मुलखात सैन्य हलवायला जीप तातडीने हव्या होत्या आणि नव्या गाड्या हव्या तेव्हा मिळत नव्हत्या. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी डागडुजी केलेल्या सुमारे दोन हजार जीपसाठी एका परदेशी कंपनीशी करार केला. जीपमागे ३०० पौंड, म्हणजे एकूण सुमारे ८० लाख रुपयांचा हा व्यवहार होता. ज्या कंपनीवर एवढा भरवसा टाकला, तिचे स्वतःचे भांडवल अगदीच किरकोळ होते. रकमेचा मोठा भाग आगाऊ दिला गेला आणि गाड्यांच्या तपासणीची अट सैल ठेवली गेली. अखेर १५५ जीप मद्रास बंदरात उतरल्या. त्या वापरण्याजोग्या नाहीत, असा शेरा मारून संरक्षण खात्याने त्या नाकारल्या.

घाईची अडचण खरी होती, हे मेनन यांच्या बाजूने म्हणावे लागते. कोणत्याही न्यायालयात त्यांच्यावर काही सिद्ध झाले नाही. तरीही जुनी गाडी घेताना सामान्य गिऱ्हाईक ज्या तीन चुका करते, त्या तिन्ही येथे एका सार्वभौम राष्ट्राने केल्या होत्या. विकणाऱ्याची ऐपत पाहिली नाही, गाडी तपासली नाही आणि पैसे आधी मोजले. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने चौकशीची शिफारस केली. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते हे प्रकरण संपल्याचे जाहीर केले. पुढच्याच फेब्रुवारीत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले आणि १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडूनही गेले. ‘जीप घोटाळा’ हे नाव मात्र इतिहासाला कायमचे चिकटले.

दरम्यान मुंबईत वेगळेच काही घडत होते. १९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या कंपनीतील गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. तिने १९४९ मध्ये माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग आता याच देशात मिळू लागले, आणि जुन्या जीपला खरे आयुष्य मिळाले ते यामुळे. जिचा भाग मिळतो आणि जी गावच्या मिस्तरीला उघडता येते, तीच गाडी दुसऱ्या मालकाकडे टिकते.

सातपुड्यात हे विशेष जाणवते. अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा आणि मध्ये डोंगरांच्या रांगा. काठी, मोलगी, डाब या बाजूला बाजाराचा दिवस असो की काठीची राजवाडी होळी, माणसे जीपनेच येतात-जातात. आत जागा संपली की टपावर, तेही संपले की मागच्या पायरीवर. दूरच्या पाड्यांवर तर आजही रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागते आणि तिथून पुढे गाडी मिळते. येथे गाडीची किंमत तिच्या बोधचिन्हावरून ठरत नाही. ती पावसाळ्यात, रात्री, चढावर सुरू होते की नाही, यावर ठरते.

मग ऐट आली कोठून? १९७० मध्ये रेंज रोव्हर बाजारात आली, तेव्हा तिची आसने रेक्झिनसारख्या व्हिनाइलची होती आणि चिखलाने माखलेली गाडी आतून पाण्याच्या नळीने धुता येईल, अशी तिची रचना होती. चार दारे १९८१ मध्ये आली. चामडे, लाकूड, गालिचे, हवेच्या फुग्यांवर तरंगणारे सस्पेन्शन हे सारे टप्प्याटप्प्याने नंतर चढत गेले. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची जुळणी होऊ लागली. शेतावरच्या जुन्या जीपची ही वंशज अखेर महाराष्ट्रातच बांधली जाऊ लागली.

अशा गाड्यांचा भाव पहिल्या काही वर्षांत कोसळतो. नव्याची हौस असणारा पुढच्या गाडीकडे वळतो आणि हमीची मुदत संपलेली गाडी बाजारात येते. त्यात धोरणांचीही भर पडते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. राजधानीत निरुपयोगी ठरू लागलेल्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांची वाट धरू लागल्या.

राज्याची सीमा ओलांडली की गाडीची कागदपत्रे गाडीइतकीच महत्त्वाची होतात, आणि अक्कलकुव्याला ही सीमा फार जवळून माहीत आहे. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा तत्कालीन पश्चिम खानदेशातील अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. नातीगोती दोन्हीकडे राहिली, बाजार दोन्हीकडे राहिला. ‘गुजरात पासिंग’ आणि ‘महाराष्ट्र पासिंग’ हा भेद त्या रेषेतूनच आलेला. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. नंदुरबारचा संकेतांक एमएच-३९. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि येथला कर लागतो. स्वस्तात मिळालेल्या गाडीचा हा खर्च पुष्कळांच्या हिशेबात नसतो, म्हणून कागद तसाच राहतो आणि गाडी हातोहाती फिरत राहते.

याचा परिणाम किती दूर जातो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालात दिसते. एक गाडी विकली गेली, पुन्हा विकली गेली, अनेक हात फिरली. नोंदवहीत नाव मात्र पहिल्याचेच राहिले. अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी, न्यायालयाने सांगितले, ज्याचे नाव नोंदणीत आहे त्याचीच. गाडी वर्षानुवर्षे डोळ्यांनी न पाहिलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने तिचा मालक होता.

आणि गाडी नावावर झाली तरी तिची मूळ किंमत पिच्छा सोडत नाही. बाजारभाव उतरला म्हणून सुट्या भागांचा भाव उतरत नाही. फुग्याचे रबर जुने झाले की हवा सुटते आणि रुबाबदार गाडी एका कुशीवर कलून बसते. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी हळूहळू आणि थोडेथोडेच अंतर चालली तर ती गाळणी तुंबते. ते दोष वाचणारे यंत्र घाटातल्या गॅरेजात नसते. गाडी ट्रकवर चढवून सुरत किंवा नाशिक गाठावे लागते. तोवर देवगोईच्या वळणावर ती कडेला उभी असते, आणि तिच्या शेजारून टपापर्यंत भरलेली जुनी जीप पहिल्या गिअरमध्ये मोलगीकडे निघून जाते.