बिघाड आणि कप्तानाचा शब्द
उडत्या विमानात बिघाड झाला की अखेरचा शब्द कप्तानाचाच, ही नागरी विमानवाहतुकीतील जुनी रूढी २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ फार महागात पडली. चाकांच्या यंत्रणेतील दोषात कप्तानाचे लक्ष गुंतून राहिले, इंधनाविषयी सहकाऱ्यांनी दिलेल्या सूचना पुरेशा ठाम नव्हत्या, आणि इंधन संपून कोसळलेल्या विमानातील १० जण मृत्युमुखी पडले. कनिष्ठांनी निःसंकोच बोलावे व कप्तानाने ऐकावे, हे शिक्षण त्यानंतरच रुजले, आणि ही सुधारणा कोणत्याही नव्या उपकरणाइतकीच मोलाची ठरली. तिचा प्रत्यय १९ जुलै १९८९ रोजी आला. एका डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली, म्हणजे द्रवदाबाने विमानाची दिशा व उंची बदलणाऱ्या यंत्रणा, निकामी झाल्या, तेव्हा प्रवाशांत असलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकासह चौघांनी एक इंजिन बंद पडल्यावर उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीजास्त करीत ते अमेरिकेतीलच सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमान मोडले, २९६ पैकी १८४ जण वाचले.