फणसाचे चित्र आणि तीन वैद्यांची साक्ष

प्रस्तावना :
वनस्पतिचित्र हे सामान्यतः विज्ञानाचे साधन मानले जाते. ते इतिहासाचेही साधन ठरू शकते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात फणसाच्या संदर्भात मांडला आहे.

ग्रंथ व साक्षीदार :
कोचीचा डच प्रशासक हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने सिद्ध केलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या खंडात फणसाचे सचित्र वर्णन आहे. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील निवेदन छापलेले आहे. त्यांच्या समाजाने पोर्तुगीज राजवटीत गोव्याहून कोचीस स्थलांतर केले होते. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचीही साक्ष तेथे आहे. म्हणजेच नावे व गुणधर्म स्थानिक वैद्यांनी सांगितले, ते पोर्तुगीजमार्गे लॅटिनमध्ये गेले आणि चित्रे युरोपीय चित्रकारांनी रेखाटली. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या ग्रंथाचा आधार घेतला. या चित्रांमागील ज्ञान केवळ युरोपीय होते, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

चित्राची मर्यादा :
चित्रात फळ व पान दिसते, लोकव्यवहार दिसत नाही. कापा व बरका हे एकाच वनस्पतिजातीचे फणस; परंतु घरातील त्यांचे स्थान वेगळे. कापा घट्ट गऱ्यांसाठी खावा, रसाळ बरक्याची फणसपोळी घालावी. कोवळ्या कुयरीची भाजी होते, आठळ्या भाजून वा उकडून खातात, पाला जनावरांपुढे पडतो आणि पिवळसर लाकडातून दारे व वीणा घडतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा, चंदगड या पश्चिम पट्ट्यात परसातील फणस आजही परिचित आहे.

निष्कर्ष :
तीन वैद्यांनी स्वतःच्या नावाने साक्ष दिली, म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही त्यांचे श्रेय सिद्ध करता येते. फणसपोळी घालणाऱ्या स्त्रीची आणि झाडावर चढून फळ उतरविणाऱ्याची साक्ष मात्र कोणी नोंदविलेली नाही. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी ही नोंद एकत्रितपणे, सांगणाऱ्याच्या संमतीने व नावानिशी करावी. नमुन्यासोबत माहितगाराचे नाव जपणे हे श्रेयाच्या दृष्टीने तितकेच आवश्यक आहे.