ओग्रे इंजिन आणि ओपन सोर्स परवाना: मोफत म्हणजे बिनअटीचे नव्हे

समजा, कोल्हापुरातल्या एका छोट्या स्टुडिओला पन्हाळगडाची त्रिमितीय सफर घडवणारे मोबाइल अ‍ॅप तयार करायचे आहे. तटबंदी, ऊन, सावल्या पडद्यावर उमटवणारा कोड मुळापासून लिहायचा तर वर्षे जातील. म्हणून तयार रेंडरिंग इंजिन घेतले जाते. ते इंटरनेटवर फुकट मिळते, पण त्याला परवाना असतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीसारखेच संरक्षण आहे. त्यामुळे कोड सर्वांना दिसतो म्हणून तो कोणीही वापरावा, असे होत नाही.

ओग्रेने परवाना का बदलला?

स्टीव्ह स्ट्रीटिंग यांनी सुरू केलेले ओग्रे हे मॉड्युलर इंजिन आहे. त्याचा गाभा वेगळा असतो आणि डायरेक्टथ्रीडी किंवा ओपनजीएल वापरणारे भाग प्लगइन म्हणून जोडले जातात. सुरुवातीला त्याला एलजीपीएल परवाना होता. अ‍ॅपचा स्वतःचा कोड गुप्त ठेवता येई. पण इंजिनात केलेले बदल खुले करावे लागत आणि वापरकर्त्याला इंजिनाची बदललेली आवृत्ती जोडता येईल अशी सोय ठेवावी लागे. संगणकावर इंजिनाची फाइल वेगळी ठेवली की हे जमे. त्या काळच्या आयफोनवर मात्र बाहेरचे इंजिन अ‍ॅपमध्येच मिसळून द्यावे लागे. तिथे ही अट पाळणे अवघड होते. 2010 मध्ये 1.7 आवृत्तीपासून ओग्रेने एमआयटी परवाना स्वीकारला.

एमआयटी परवान्यात काय करावे लागते?

कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर अ‍ॅपसोबत द्यावा लागतो. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तो दिला तरी चालतो. अ‍ॅप विकता येते, कोड बंद ठेवता येतो. इंजिनात दोष निघाला तर मात्र लेखक जबाबदार नसतात.

प्रत्येक भागाचा परवाना तपासा

इंजिन एमआयटीखाली असले, तरी बाहेरून घेतलेले प्लगइन, फॉन्ट किंवा त्रिमितीय मॉडेल वेगळ्या परवान्याचे असू शकते. एखादा जोडलेला भाग जीपीएलखाली असेल, तर अ‍ॅप वितरित करताना त्याचा संपूर्ण कोड त्याच परवान्याखाली द्यावा लागू शकतो. हे अ‍ॅप बाजारात आल्यावर कळले, तर तो भाग काढून पुन्हा लिहिण्याचा खर्च स्टुडिओवर पडतो. म्हणून भाग जोडतानाच त्याचे नाव, आवृत्ती आणि परवाना यांची नोंद ठेवावी.