भिंतीबाहेरून चीन वाचताना: एका अभ्यासगटाची वाटचाल

सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं चलथाण आणि त्याला लागून असलेला कडोदरा-पलसाणा पट्टा यांना चीन परका नाही. इथल्या विणकामाच्या शेडमधली वॉटरजेट यंत्रं, भरतकामाची यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर तिथूनच येतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली तेव्हा देशभर चर्चा झाली ती टिकटॉकची. यंत्रांच्या व्यवहारातल्या माणसांना खरी अडचण झाली ती वीचॅट गेल्याची. चीनमध्ये २०१७ पासून व्हॉट्सॲप अडवलेलं आहे आणि तिथला पुरवठादार वीचॅटवरच बोलतो. दोन सरकारांनी आपापली दारं लावली आणि मागाच्या सुट्या भागाची चौकशी मधेच लोंबकळली.

व्यवहार इतका निकटचा, पण त्या देशाच्या राजकारणाची आपली समज मात्र वाहिन्यांवरच्या आरडाओरड्यापलीकडे फारशी जात नाही. ही उणीव भरून काढण्याचं काम भारतात ज्यांनी चिवटपणे केलं, त्यांत दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजचं नाव फार वर घ्यावं लागतं. तिच्या जडणघडणीत गिरी देशिंगकर आणि गो. पु. देशपांडे ही दोन मराठी माणसं होती, हे मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असतं.

१९६२ च्या युद्धात आपण चीनला ओळखत नव्हतो हे उघडं पडलं. दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाला सुरुवात झाली, १९६४ मध्ये ‘चायना रिपोर्ट’ हे नियतकालिक निघालं. पण ज्याचा अभ्यास करायचा तो देश पाहायचा कसा? १९६१ मध्ये भारताचा राजदूत परत आला होता. १९७६ मध्ये के. आर. नारायणन बीजिंगला रुजू होईपर्यंत ती जागा रिकामीच राहिली. अशा काळात, १९६९ मध्ये, दिल्लीतल्या काही अभ्यासकांनी ‘चायना स्टडी ग्रुप’ सुरू केला. मीरा सिन्हा भट्टाचार्य, मनोरंजन मोहंती, देशिंगकर अशी मंडळी नेमाने एकत्र बसत आणि हाती येईल तो कागद वाचत. जगभरच्या चीन-अभ्यासकांप्रमाणे त्यांचीही साधनं तुटपुंजी होती: ‘पीपल्स डेली’, ‘पेकिंग रिव्ह्यू’, बीबीसीने टिपलेली रेडिओवरची निवेदनं, हाँगकाँगहून येणारी भाषांतरं.

या वाचनाची एक शिस्त होती. नेत्यांची नावं कोणत्या क्रमाने छापली, कालपर्यंतची घोषणा आज कुठे गळली, छायाचित्रात कोण नाही, हे सगळं पाहायचं. १९७१ मध्ये १ ऑक्टोबरचं राष्ट्रीय दिनाचं संचलन रद्द झालं. बाहेरच्यांना एवढंच दिसलं. माओंचे घोषित वारसदार लिन बियाओ १३ सप्टेंबरलाच मंगोलियात विमान कोसळून मरण पावले होते, ते जगाला नंतर कळलं. न झालेल्या संचलनातून काहीतरी बिनसलंय एवढं ओळखणं, आणि त्यापुढे कल्पनेचे इमले न बांधणं, या दोन्ही गोष्टी त्या शिस्तीत येतात. दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे.

गो. पु. देशपांडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी राजकारण शिकवत. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये ते जीपीडी या आद्याक्षरांनी लिहीत. मराठीत आपण त्यांना ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार म्हणून ओळखतो. त्या नाटकात एका प्राध्यापकाची त्याच्या राजकीय मतांसाठी विद्यापीठात चौकशी होते. विचारांची झडती सत्तेला का हवी असते, हा प्रश्न त्यांच्या नाटकाचा होता आणि त्यांच्या अभ्यासविषयाचाही. ते स्वतः डावे होते. तरी चीनला शत्रू किंवा आदर्श ठरवून मोकळं होण्यापेक्षा तिथल्या पक्षाचे आतले वाद समजून घेणं त्यांना महत्त्वाचं वाटे. आजच्या चर्चेत मला सर्वांत जास्त उणीव जाणवते ती याची.

देशिंगकर विकासशील समाज अध्ययन पीठाचे, म्हणजे सीएसडीएसचे, संचालक झाले. १९९० मध्ये त्याच छत्राखाली अभ्यासगटाची इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज ही संस्था झाली. २०१० पासून ती स्वतंत्रपणे उभी आहे. बुधवारचं चर्चासत्र हा तिचा कणा.

संस्था रुजत असतानाच वाचायचा कागदच बदलला. २० एप्रिल १९९४ रोजी चीन इंटरनेटला पूर्णपणे जोडला गेला. २००९ मध्ये वेइबो हे चिनी समाजमाध्यम आलं. २३ जुलै २०११ रोजी वेन्झोऊजवळ दोन वेगवान गाड्यांची टक्कर होऊन ४० जण गेले, तेव्हा सरकारी निवेदनाआधी प्रवाशांच्या नोंदी वेइबोवर होत्या आणि रेल्वे खात्यावरचा संताप जगाला थेट वाचता येत होता. आता ओळींमधलं वाचायची गरज संपली, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

पण दार आतून लावलं जात होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयीन निर्देश निघाला: बदनामीकारक ठरवलेला मजकूर ५०० वेळा पुढे गेला किंवा ५,००० जणांनी पाहिला, तर लिहिणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. २७ फेब्रुवारी २०१४ रोजी शी जिनपिंग यांनी इंटरनेटविषयक सर्वोच्च गटाचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. त्याखालचं सायबरस्पेस प्रशासन म्हणजे एकाच कार्यालयावर दोन पाट्या, एक पक्षाची, एक सरकारची. त्याचे पहिले प्रमुख लू वेई २०१९ मध्ये लाचखोरीसाठी १४ वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले. इंटरनेटभोवतीच्या या भिंतीचा राखणदारही पक्षापुढे सुरक्षित नसतो, हे यातून कळतं आणि ते तंत्रज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगून जातं.

या यंत्रणेबद्दल बाहेर एक ढोबळ समज आहे की तिथे सरकारवर टीका केली की ती पुसली जाते. हार्वर्डच्या गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी लाखो नोंदी तपासून २०१३ मध्ये वेगळं चित्र मांडलं. कडवट टीका बरीचशी टिकून राहत होती. लोकांना एकत्र रस्त्यावर आणू शकेल असा मजकूर मात्र झपाट्याने काढला जात होता, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना. शिवाय काढणारा हात बहुतेकदा कंपनीचा असतो, कारण जबाबदारी कायद्याने तिच्यावर टाकलेली आहे.

चलथाण-सुरतच्या वाचकाला हे पडताळायला स्वतःचा अनुभव आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद होतं. त्या बंदीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते फेटाळलं गेलं. पुढे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात असे आदेश प्रसिद्ध करण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे तोडल्याचं सगळ्यांना कळतं, त्यावर भांडता येतं. चीननेही २००९ च्या उरुमची दंगलीनंतर शिनजियांगचं इंटरनेट सुमारे १० महिने तोडलं होतं, पण तिथली रोजची रीत तोडण्याची नाही. जाळं चालूच राहतं, फक्त एखादा शब्द सापडेनासा होतो, आणि दाद मागायला खुलं न्यायालय नसतं. ‘आपलंही तेच’ किंवा ‘आपलं अगदी वेगळं’ असं म्हणणाऱ्या दोघांनीही हा फरक नीट पाहायला हवा.

जून २०२३ नंतर चीनचे परराष्ट्रमंत्री छिन गांग दिसेनासे झाले. प्रवक्त्याला त्यांच्याबद्दल विचारलेले प्रश्न मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या इतिवृत्तात नव्हते. २५ जुलैला त्यांना पदावरून दूर केलं. ते गाळलेले प्रश्न ज्यांनी टिपले, त्यांनी रद्द झालेलं संचलन वाचणाऱ्यांचीच विद्या वापरली.

आता साधनंही पुन्हा आटत आहेत. एप्रिल २०२३ पासून सीएनकेआय या चिनी संशोधनभांडारातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकं यांसारखे विभाग परदेशी संस्थांसाठी थांबवले गेले. दिसलेलं पान त्याच क्षणी जतन करून ठेवणं ही चीनवर काम करणाऱ्यांची सवय झाली आहे. गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतर विद्यार्थ्यांचं जाणंयेणंही खुंटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत. त्यांतून यंत्रांचे खरेदीदार जातीलच. वर्षभर राहून भाषा शिकणारी, तिथल्या माणसांत मिसळणारी मुलंही त्याच विमानांत बसायला हवीत, आणि त्यांच्या शिष्यवृत्तीचा खर्च सुरतेच्या व्यापारी संघटनांनी उचलला तर ते त्यांच्या आवाक्याबाहेरचं नाही.