काचेवरची हालचाल

अ‍ॅनिमेशन म्हटलं की आपल्याला डिस्ने आठवतो. पण आम्हा भिवंडीकरांना एवढं लांब जायची गरज नाही. खाडी ओलांडली की कल्याण, आणि तिथल्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. म्हणजे मुंबईत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला (७ जुलै १८९६) त्याच्या चार वर्षं आधी!

प्रकार असा: काचांवर हाताने रंगवलेली पुराणातली पात्रं, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पोझ. जादूच्या कंदिलांनी त्या पडद्यावर टाकायच्या आणि काचा इतक्या चटकन बदलायच्या की चित्र हललंच असं वाटावं. सोबत निवेदन आणि संगीत. आजच्या भाषेत मोजक्या की-फ्रेम्स. मधली हालचाल प्रेक्षकाने मनात भरायची.

पुढे दादासाहेब फाळक्यांनी वेगळी वाट धरली. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. नंतर 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या जरा जरा सरकवून नाचवल्या. इथे हालचाल फिल्मवरच साठली. यंत्र कोणीही फिरवा, काडी तशीच नाचणार.

मला खरा फरक इथे वाटतो. पटवर्धनांची हालचाल कंदील चालवणाऱ्याच्या हातात होती. कुठल्या शब्दावर, किती वेगाने काच बदलायची, हे काचेवर लिहिलेलं नसतं. डेटा उरतो, प्रोग्रॅम जातो. म्हणून नुसत्या काचा जपून भागत नाही. खेळ करणारे हात आहेत तोवरच त्यांना विचारून घ्यावं लागतं.