बँटिंगचें पत्र

भात-पोळी सोडली असतां अंग हलकें होतें, हा अगदीं अलीकडचा शोध आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. चार सुशिक्षित माणसें पंक्तीस बसलीं कीं त्यांतला एक तरी भाताला हात आडवा करतो, आणि उरलेल्या तिघांस आपणही तसेंच करावें कीं काय, अशी शंका पडते. ह्या शंकेचें वय दीडशें वर्षांहून अधिक आहे. तिचा माग काढूं गेल्यास आम्हांस लंडन शहरांतील विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थाकडे जावें लागतें.

बँटिंगचा धंदा अंत्यविधींची व्यवस्था ठेवण्याचा. इंग्लंडच्या राजघराण्यांतील प्रेतयात्रा त्याच्याच पेढीकडे असत. १८६२ च्या ऑगस्टांत त्याची उंची पांच फूट पांच इंच व वजन २०२ रत्तल होतें. बुटाचे बंद बांधण्यास त्याला वांकतां येत नसे, आणि जिना पाठमोरें उतरावा लागे. उपाय सारे करून झाले होते. वल्हीं मारून पाहिलीं, तों भूक वाढली व तिच्याबरोबर वजनही वाढलें. हमामखाने झाले, समुद्राची हवा झाली, औषधी पाणी झालें. शेवटीं ऐकूं कमी येऊं लागलें म्हणून तो विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या डॉक्टराकडे गेला. (रुधिराभिसरण शोधून काढणारा हार्वे तो हा नव्हे, तो दोनशें वर्षें आधींचा.)

ह्या हार्वेनें १८५६ सालीं पॅरिस येथें क्लोद बर्नार ह्या शास्त्रज्ञाचीं मधुमेहावरील व्याख्यानें ऐकलीं होतीं. पिष्ट व साखर वर्ज्य केल्यानें मधुमेह्याची साखर उतरते, तर तोच उपाय मेदावर कां चालूं नये, असा त्यानें तर्क केला. पाव, लोणी, दूध, साखर, बीर व बटाटे बंद. मांस, मासळी, बटाट्यावांचून इतर भाज्या, आणि लाल मद्याचे दोनतीन पेले चालतील! लोणी वर्ज्य होतें, हें हल्लींच्या लोणीभक्तांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे. भाजलेला पावही सर्वस्वीं बंद नव्हता. त्याचा औंसभर तुकडा मिळे. वर्षभरांत ४६ रत्तल वजन व कमरेचा बारा इंच घेर कमी झाला, आणि बँटिंग इतरांसारखा जिना उतरूं लागला. १८६३ सालीं त्यानें हा वृत्तांत पत्ररूपानें स्वखर्चानें छापून फुकट वांटला. इंग्रजींत त्याच्या आडनांवाचें क्रियापद झालें. स्वीडिश भाषेंत तें आजही ‘वजन उतरविणें’ ह्या अर्थीं रूढ आहे.

पत्र सर्वत्र गेलें. त्याबरोबर डॉक्टर मात्र गेला नाहीं. आमच्या मतें सारा घोटाळा येथें आहे.

मधुमेहाचाच इतिहास पाहा. जॉन रोलो ह्या लष्करी डॉक्टरानें १७९७ सालींच मांसाहारानें मूत्रांतील साखर कमी होते असें प्रसिद्ध केलें होतें. पुढें सव्वाशें वर्षें आहारावांचून दुसरा खरा उपाय नव्हता. रोगी मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे दिवस काय ते लांबवीत. १९२२ सालीं टोरांटो येथें रोग्यास इन्सुलिन देण्यांत आलें आणि चित्र पालटलें. तें शोधणाऱ्यांतील प्रमुखाचें आडनांवही बँटिंगच, हा एक योगायोग. तेव्हांपासून जुन्या पथ्यास नवा धोका चिकटला. जो इन्सुलिन टोंचून घेतो, त्यानें औषधाचें प्रमाण तेंच ठेवून भात एकाएकीं टाकला, तर रक्तांतील साखर शुद्ध हरपेपर्यंत उतरूं शकते. साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्यांचीही हीच गोष्ट.

निरोगी पण स्थूल माणसाचें काय? २०१८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठानें ६०९ माणसांवर वर्षभर चालविलेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. निम्म्यांनीं पिष्ट कमी केलें, निम्म्यांनीं स्निग्ध पदार्थ. पहिल्यांचें वजन सरासरी सहा किलो उतरलें, दुसऱ्यांचें सवापांचच्या आसपास. म्हणजे फरक नांवाचाच. परंतु दोन्हीं गटांत कोणाचें वजन पुष्कळ घटलें, तर कोणाचें उलट वाढलें. आणि कोणाला काय मानवेल हें ना आनुवंशिक तपासणीनें आधीं सांगतां आलें, ना इन्सुलिनच्या मोजमापानें.

आमच्याकडे आणखी एक अडचण. बँटिंगच्या ताटांत मांस होतें. शाकाहारी घरांत भात-पोळी काढली कीं वरण उरतें, आणि कोरड्या तुरीच्या डाळींतही निम्म्याहून अधिक पिष्टमय भागच असतो. एकादशीस भात सोडून साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांविषयीं तर बोलावयासच नको. तेव्हां ज्यास प्रयोग करावयाचा असेल त्यानें आधीं आपलें औषध व मूत्रपिंडांची स्थिति डॉक्टरांस दाखवावी, मग भात निम्मा करून त्या जागीं भाजी, ताक व उसळ वाढून दोन-तीन महिने पाहावें. मात्र वडिलांचा भात कमी झाला म्हणून त्याच पंक्तींतल्या वाढत्या मुलाचा किंवा गरोदर सुनेचा भात कमी करण्याचें कांहीं कारण नाहीं.