मुशीचे तेल आणि त्वचेचे तारुण्य

आहार व दिनचर्या यांच्या योगाने त्वचेचे तारुण्य टिकविता येते, ही कल्पना भारतात प्राचीन आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग हा जरेचा परिहार करणारा व त्वचेस दृढता देणारा म्हणून सांगितला आहे. तथापि आहारातील नेमका कोणता घटक त्वचेवर कोणता परिणाम करतो, या प्रश्नाचा उलगडा विसाव्या शतकातच होऊ लागला. आणि त्या इतिहासात मुंबईच्या कोळ्यांनी पकडलेल्या मुशीलाही स्थान आहे.

लोणी व अंड्याचा बलक यांत वाढीस अवश्य असा एक स्निग्धविद्राव्य घटक असतो, हे १९१३ साली अमेरिकेत सिद्ध झाले. तोच पुढे जीवनसत्त्व 'अ' या नावाने प्रसिद्धीस आला. १९३३ साली लुशियस निकोल्स यांनी कोलंबो येथे, निकृष्ट आहारामुळे त्वचा बेडकाच्या पाठीसारखी खरबरीत होते, अशा विकाराचे वर्णन केले व त्याचे कारण या जीवनसत्त्वाच्या अभावात शोधले. आवश्यक मेदाम्ले व 'ब' गटातील जीवनसत्त्वे यांची उणीवही त्यास कारण होते, हे नंतर दिसून आले.

१९४० साली जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि तेथून येणारे कॉड माशाच्या यकृताचे तेल दुर्मिळ झाले. तेव्हा मुंबई सरकारच्या मत्स्योद्योग खात्याने मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचे कार्य हाती घेतले. त्यात जीवनसत्त्व 'अ' विपुल असल्याने एरवी स्वस्त मासळीत गणल्या जाणाऱ्या मुशीचे यकृत एकाएकी मोलाचे ठरले. परंतु १९४७ च्या सुमारास हे जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने तयार करणे साध्य झाले आणि यकृततेलाची मागणी जगभर ओसरली.

या घडामोडींतून एक गैरसमज मात्र मागे राहिला. उणीव भरून काढणारे द्रव्य अधिक घेतल्यास तारुण्यही अधिक लाभेल, असे मानले जाऊ लागले. वस्तुतः उणिवेने बिघडलेली त्वचा योग्य आहाराने सुधारते. पुरेसा आहार असलेल्या माणसास अधिक मात्रेने लाभ होत नाही, उलट अपायच होतो. १५९७ साली बॅरेंट्सच्या उत्तर ध्रुवीय मोहिमेतील खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाल्ले, तेव्हा त्यांची कातडी सोलून निघाली होती.

सकस मत्स्याहाराचीही मर्यादा कोळीवाड्यात स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी समुद्र हटवून वसविलेल्या कफ परेडच्या कडेला मच्छीमार नगराची वस्ती आहे. अशा वस्तीत ताजी मासळी रोजच्या जेवणात असते. सुक्या बोंबलात तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. तरीही होडीवर दिवस काढणाऱ्या नाखव्याच्या व उघड्यावर मासळी निवडणाऱ्या, सुकविणाऱ्या कोळणीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लवकर उमटतात. जर्मन त्वचातज्ज्ञ उन्ना यांनी १८९४ सालीच खलाशांच्या त्वचेतील अशा विकृतीचे वर्णन केले होते. तिचे मूळ आहारात नसून उन्हात आहे. सूर्याचे अतिनील किरण त्वचेतील तंतूंचा नाश करतात. गडद वर्णाने तो मंदावतो, पण थांबत नाही. १९८६ साली क्लिगमन व सहकाऱ्यांनी जीवनसत्त्व 'अ' पासून साधलेल्या आम्लाचा लेप उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेस काही अंशी सुधारतो, असे दाखविले. परंतु तो वैद्याच्या देखरेखीने वापरावयाचा, गर्भवतीने टाळावयाचा असा औषधोपचार आहे, अन्न नव्हे.

यावरून आहाराचे स्थान निश्चित होते. मासळी, हिरव्या भाज्या, फळे, पुरेशी झोप व धूम्रपानाचा त्याग हे त्वचेच्या आरोग्याचे पाया होत; उन्हापासून रक्षण हे त्याइतकेच अवश्य आहे. मात्र सावलीत बसणे हे ज्याच्या हाती आहे, त्यालाच तो उपदेश उपयोगी पडतो. ज्यांच्या श्रमावर शहरास मासळी मिळते, त्यांच्यासाठी मासळी-बाजारावर व सुकवणीच्या जागेलगत छप्पर उभारणे, हा त्वचेच्या रक्षणाचा कोणत्याही तेलाहून अधिक खात्रीचा उपाय ठरेल.